येळवशीचं बोलावणं

येळवस काय असते हे लातूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. बाहेरच्यांना सांगावं लागतं. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमचं सगळं शहर रानात जाऊन जेवतं. सकाळी दहानंतर रिक्षा मिळत नाही, दुकानांची शटरं खाली असतात, आणि वर्षभर पोरांना पिळून काढणारे क्लासवालेसुद्धा त्या दिवशी सुट्टी देतात. ज्याला शेत आहे तो शेतात कडब्याची खोप घालतो, पाच दगडांना चुना लावून त्यांचे पांडव करतो, पूजा करतो आणि आल्यागेल्याला हाक मारून जेवू घालतो. ज्याला शेत नाही तो बोलावण्याची वाट बघतो.

मी चन्नबसप्पा. बत्तीस वर्षं एसटीत कंट्रोलर होतो. 'चाकूरमार्गे अहमदपूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर उभी आहे' हे तुम्ही लातूरच्या स्टँडवर कधी ऐकलं असेल, तर तो आवाज माझा. चाकूरजवळ माझ्या वाट्याचं सव्वादोन एकर रान होतं. लातुरात घर बांधताना ते विकलं, आणि तेव्हापासून एकोणीस येळवशी मी दुसऱ्याच्या रानात जेवलो. लोक प्रेमानं बोलावतात, आग्रहानं वाढतात. पण दरवर्षी ताट पुढ्यात आलं की कुणीतरी विचारतंच, "अप्पा, तुमचं रान कुठं हाय हो?" मी म्हणतो, "होतं की, चाकूरला." म्हणतो आणि खाली मान घालून जेवतो. हे आधी सांगून टाकलं, कारण पुढं मी जे केलं ते ह्याच्यापायी केलं. कारण सांगतोय, माफी मागत नाही. ज्या माणसाची मागायची होती तिची मी अजून मागितलेली नाही.

रिटायर झाल्यावर मी घरात बसून गुरम्माच्या स्वयंपाकात लक्ष घालायला लागलो. गुरम्मा म्हणजे आमची मंडळी. महिनाभर तिनं सोसलं. मग एक दिवस म्हणाली, "तुमाला गाड्या सोडायची सवय हाय, इथं एकच कुकर हाय. बाहेर काहीतरी बगा." बाहेर बघायला आमच्या बसवकृपा कॉलनीची मोकळी जागा होती. गाजरगवत कमरेएवढं, त्यात बांधकामांचा टाकलेला राडारोडा आणि डुकरं. मी कॉलनीत घरोघर फिरलो, जेसीबी आणला, जागा साफ केली आणि सोळा घरांना सोळा वाफे आखून दिले. लातुरात नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं, तिथं बाग कसली करता म्हणून लोक हसले. दुसऱ्या वर्षी तेच लोक रविवारी सकाळी पिशवी घेऊन यायला लागले. बागेच्या फाटकाशी आम्ही एक टेबल मांडतो. ज्याच्या वाफ्यात जास्त झालं तो तिथं आणून ठेवतो, आणि ज्याला पाहिजे तो घेऊन जातो. मागच्या गल्लीत तनुजाची मेस आहे, नीट आणि जेईईची शंभरेक पोरं तिथं जेवतात. तिची मेथी आणि पालक आमच्याच टेबलावरून जाते. पोरांच्या ताटात सकाळी तोडलेली भाजी पडते हे मी ज्याला-त्याला थांबवून सांगत असे.

फाटकावर बोर्ड आहे. नियम मी स्वतः लिहिलेत, शुद्ध मराठीत. पहिलाच नियम असा: 'वाफा ज्याचा, पीक त्याचे. धन्याला विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या वाफ्यास हात लावू नये.' रामलिंगचे टमाटे एकदा कुणीतरी नेले होते, त्यावरून मोठी भांडणं झाली, म्हणून तो नियम सगळ्यांत वर आला. रामलिंग माझा शेजारी, कमिटीत माझा उजवा हात.

सतरावा वाफा नकाशात नव्हता. भिंतीकडेच्या कोपऱ्यात सिमेंट सांडून जमीन घट्ट झाली होती, तिथं गवतसुद्धा यायचं नाही. तो तुकडा साखराबाईनं मागितला. साखराबाई कॉलनीतल्या पाच घरी धुणीभांडी करते, आमच्याही घरी. वय पन्नाशीचं, नवरा नाही, लेक देगलूरकडं दिलेली. "अप्पा, ती कोपऱ्याची जागा मला देताव का? तशीबी पडीकच हाय." मी दिली. दिली आणि कमिटीच्या बैठकीत माइक घेऊन सांगितलं की, बघा, आपल्या बागेत मालक आणि मोलकरीण असा भेद नाही. टाळ्या पडल्या. साखराबाई बैठकीत नव्हती, ती तेव्हा कुणाची तरी भांडी घासत होती.

त्या जागेतली सिमेंटची ढेकळं तिनं सब्बलीनं फोडली, टोपल्यानं उचलून टाकली. डाळ मिलच्या दारातला सडका भुसा डोक्यावरून आणून घातला. पाण्याचं तिनं असं जमवलं की पाची घरची भांडी घासून झाली की शेवटच्या विसळण्याचं पाणी तेलाच्या डब्यात भरून घ्यायची आणि हातात दोन डबे घेऊन बागेत जायची. "ह्येच्यात साबण न्हाई अप्पा, नुसतं खरकटं हाय. खरकट्यानं रान चांगलं व्हतं." आमच्या वाफ्यांना ठिबक होतं, शेणखताच्या पिशव्या होत्या, मोबाइलवरचे व्हिडिओ होते. तरी दुसऱ्या हंगामात सगळ्या बागेत बघण्यासारखा वाफा तिचाच झाला. भिंतीला लागून तुरीची झाडं माणसाएवढी, त्याखाली हरभरा, मधे मेथी आणि चुका, कडेनं पातीचा कांदा, दोरीवर चढवलेला वाटाणा आणि घेवडा. मला तिचं कौतुक वाटायचं. थोडी आगसुद्धा व्हायची, ते आता लपवून काय करू.

येळवशीच्या दोन आठवडे आधी साखराबाई आमच्या मोरीत भांडी घासत होती आणि मी दारात पेपर वाचत होतो. ती म्हणाली, "अप्पा, औंदा येळवशीला माज्याकडं जेवाया यायचं बरं का. तुमी आन् अक्का."

मी पेपरातून डोकं न काढता म्हणालो, "येतो की."

"नक्की यावा. आजवर लोकायच्याच रानात जेवले मी. बारकी व्हते तवा मायसंगं जायची, मंग मालकासंगं. औंदा पयल्यांदा मी बोलवायलेय."

"हाव हाव, येतो म्हणलं ना."

मला वाटलं ती आपल्या खोलीवर बोलावतेय. तिकडं पत्र्याच्या खोल्या आहेत, तिथं कसली येळवस, असं मनात आलं आणि मी पान उलटलं. पहिल्यांदा बोलावतेय म्हणजे कुठं बोलावतेय, हे मला विचारावंसं वाटलं नाही. एकोणीस वर्षं दुसऱ्याच्या रानात जेवलेल्या माणसाला ते विचारावंसं वाटलं नाही.

त्याच आठवड्यात तनुजा माझ्याकडं तक्रार घेऊन आली. साखराबाई मेथी द्यायला तयार नाही, घेवडा द्यायला तयार नाही, येळवस होऊ द्या म्हणते. मी म्हणालो, "चार लोकांनी वाफा चांगला म्हणलं की भाव खायली आता." तनुजा म्हणाली, "तसं न्हाई हो अप्पा, तिचं कायतरी चाललंय." मी ते सोडून दिलं.

कारण माझ्या डोक्यात त्या वेळी दुसरंच चाललं होतं. पुण्याच्या एका संस्थेची माणसं शहराशहरांतल्या बागा बघत फिरत होती. शहरानं आपलं खाणं आपणच कसं पिकवावं ह्यावर त्यांना पुस्तक काढायचं होतं. आमच्या बागेचं नाव त्यांना कुणीतरी सांगितलं. शिल्पा मॅडमचा फोन आला, तुमच्याकडं कधी येऊ? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "येळवशीलाच या. आमच्या रानात जेवायला या."

'आमच्या रानात' हे शब्द मी एकोणीस वर्षांनी उच्चारले. फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ मी व्हरांड्यात उभा होतो. मग सगळ्या ओळखीच्यांना बोलावणी धाडली. ज्यांनी ज्यांनी मला आजवर बोलावलं होतं त्या सगळ्यांना. त्यांची स्वतःची रानं होती, सकाळची पूजा आटोपून ते गाडीवर येऊन जाणार होते. ऐंशी पानांचा अंदाज झाला.

येळवशीचा जीव भज्जीत असतो. ओल्या तुरीचे दाणे, ओला हरभरा, वाटाणा, घेवडा, मेथी, चुका, पातीचा कांदा, असं रानात जे जे हिरवं असेल ते सगळं एका भांड्यात, बेसन लावून. बाजारची भाजी आणून भज्जी करणाऱ्याला आमच्याकडं कुणी तोंडावर काही म्हणत नाही, पण रान असून बाजारातून आणली तर गावभर होते. आणि मी मॅडमना फोनवर सांगून बसलो होतो की एकूण एक पान आमच्याच बागेतलं असेल.

आदल्या दिवशी दुपारी आचारी टोपली घेऊन आला आणि मी पहिल्यांदा बागेकडं डोळे उघडून बघितलं. माझ्या वाफ्यात झेंडू होता. फोटोत चांगला दिसतो म्हणून लावला होता. रामलिंगच्या टमाट्यांना अळी होती. बाकीच्यांची मेथी रविवारच्या टेबलावर गेलेली. सगळ्या सोळा वाफ्यांत मिळून एक टोपलं भरेना. आचारी म्हणाला, "ऐंशी पानं म्हणताव, आन् हेवढ्यात?"

मग मी कोपऱ्यातल्या वाफ्याकडं बघितलं. तो भरलेला होता. तुरीच्या शेंगा टचटचीत, हरभऱ्याला घाटे, एकही पान तोडलेलं नाही.

"तिकडचं घ्या," मी म्हणालो.

रामलिंग म्हणाला, "साखराबाईला इचारावं लागंल का?"

"मी सांगतो तिला. नाही कशाला म्हणेल? बाग सगळ्यांची आहे. आणि जागा आपणच दिली ना?"

गुरम्मा खोपेच्या कडब्याशी उभी होती. तिनंही विचारलं, "सांगितलाव का तिला?" मी म्हणालो, "सांगतो म्हणलं ना!" स्टँडवर प्रवासी दोनदा विचारायचे तेव्हा ज्या आवाजात बोलायचो, त्याच आवाजात.  गुरम्मालाही साखराबाईचं बोलावणं होतं, ते कुठं जेवायचं हे तिलाही ठाऊक नव्हतं, पण तिला काहीतरी खटकलं होतं. मला खटकलं नाही.

आचाऱ्याच्या दोन माणसांनी अर्ध्या तासात वाफा साफ केला. तुरीची झाडं वाकवून शेंगा ओरबाडल्या, हरभरा मुळासकट उपटला, कांदा उपसला. मी शेजारी उभा राहून 'ते कोपऱ्यातलं राहिलं' म्हणून बोट दाखवत होतो. साखराबाईला मी सांगितलं नाही. सणाचा आदला दिवस, ती पाची घरी जास्तीच्या भांड्यांत बुडालेली. आमच्या घरी ती आली तेव्हा मी मंडपवाल्याशी बोलत होतो. उद्या सांगू म्हणालो. खरं सांगायचं तर मी टाळलं. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, हे मला आतून माहीत होतं.

येळवशीला सकाळी बाग बघण्यासारखी झाली होती. मधोमध खोप, खोपेत पांढरे पांडव, शालीत गुंडाळलेली आंबिलीची मातीची बिंदगी, बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे, गव्हाची खीर, तिळाच्या पोळ्या, आणि पातेलंभर हिरवी भज्जी. लोक आले. ज्यांच्या रानात मी जेवलो होतो ते माझ्या पंगतीत बसले. एक जण म्हणाला, "अप्पा, आता झालाव तुमी रानवाले!" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी माइक घेतला आणि पुण्याच्या पाहुण्यांना सांगितलं की ह्या ताटातलं एकूण एक पान ह्या मातीतलं आहे, ह्या लोकांनी पिकवलेलं आहे, लातूर आपलं आपण खायला शिकतंय. हे मी एकदा सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी. मी ते तीनदा सांगितलं.

तिसऱ्यांदा सांगत असताना साखराबाई फाटकातून आत आली. नवं हिरवं लुगडं, डोक्यावर फडक्यानं झाकलेलं टोपलं, काखेत बिंदगी. मी माइकवरच म्हणालो, "या, या साखराबाई! हिला बसवा रे पंगतीत!" तिनं टोपलं भिंतीकडं नेऊन ठेवलं, परत आली आणि पंगतीच्या टोकाला बसली. बोलावलेलं तिला मोडता येत नव्हतं. रामलिंगनं तिच्या ताटात भज्जी वाढली. तिनं बोटानं एक तुरीचा दाणा वेगळा काढला, बघितला, आणि खाल्ला.

मी बघत होतो. 

शिल्पा मॅडम ताट संपवून बागेत फिरायला लागल्या. कोपऱ्यात गेल्या आणि तिथून विचारलं, "हा वाफा कुणाचा आहे? ह्याच्यातलं सगळं काढलेलं दिसतंय."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. साखराबाईही. मी म्हणालो, "तो... हंगाम संपला त्याचा."

पातीच्या कांद्याचे हिरवे तुकडे अजून तिथं मातीवर पडलेले होते. मॅडमनी मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं.  साखराबाईनं ताट स्वच्छ पुसून खाल्लं, उठली, स्वतःचं ताट स्वतः विसळून ठेवलं आणि माझ्याजवळ येऊन म्हणाली, "अप्पा, तुमचं आटपलं की तिकडं या. अक्काला बी आना. ध्यानात हाय ना?"

"कुठं?" मी विचारलं.

तिनं हातानं कोपरा दाखवला. "माज्याकडं."

तेव्हा मला कळलं. सगळं एकदम कळलं. मेथी का दिली नाही, पंधरा दिवस एक पान का तोडलं नाही, पहिल्यांदा मी बोलवायलेय म्हणजे काय. माइक माझ्या हातातच होता. तो कुणीतरी काढून घेतला.

मी आणि गुरम्मा कोपऱ्यात गेलो तेव्हा तिथं चार काटक्यांवर जुनं लुगडं घालून टीचभर खोप केलेली होती. उपटलेल्या वाफ्याच्या मधोमध पाच बारके खडे, चुना लावलेले. भिंतीच्या सावलीत पोत्यांवर तिची माणसं बसली होती. दोघी तिच्याबरोबर भांडी घासणाऱ्या, एक भंगारवाला म्हातारा, तनुजा, आणि कॉलनीचा वॉचमन. शिवाय दोन पोती रिकामी होती, आमच्यासाठी राखलेली.

"बसा," साखराबाई म्हणाली. मग थांबली. "न्हाई, आदी चर शिपायचा हाय. आमच्यात धड गडीमानूस कुणी न्हाई, म्हाताऱ्याला चालवंना, वॉचमनचा पाय दुखतो. अप्पा, तुमीच करा. तुमी वडील हाव."

चर म्हणजे आंबील आणि भज्जी रानाच्या चारी कडांनी शिंपत जायचं, ओरडत जायचं. ते रानाचा धनी करतो. तिनं तांब्या माझ्या हातात दिला. मी नाही म्हणायला पाहिजे होतं. मी घेतला. बोलावलेल्या माणसानं नाही कसं म्हणायचं?

"ओलगे ओलगे, सालम पोलगे," मी म्हणालो. बत्तीस वर्षं सगळ्या स्टँडला ऐकू गेलेला आवाज, आणि तो भिंतीपर्यंतसुद्धा पोचला नाही. एका कडेला सहा पावलं. पायाखाली हरभरा उपटल्याचे खड्डे. दुसऱ्या कडेला तुरीच्या मोडलेल्या फांद्या, मीच बोट दाखवून वाकवायला लावलेल्या. तिसऱ्या कडेला आंबील माझ्याच धोतरावर सांडली. मला वाटलं, तिनं हे मुद्दाम केलं. मान वर करून बघितलं तर ती पदर डोक्यावर घेऊन, हात जोडून, डोळे मिटून उभी होती. मुद्दाम काही नव्हतं. तिला तिच्या रानाचा चर नीट शिंपलेला पाहिजे होता, एवढंच.

मी येऊन पोत्यावर बसलो. तिनं वाढलं. उंडे, आंबील, भज्जी.

मी म्हणालो, "साखराबाई, काल तो वाफा मी..."

"मला म्हाईत हाय अप्पा. काल सांजच्याला मी तोडाया आले व्हते. रामलिंगअण्णा व्हता, त्यानं सांगितलं." ती तनुजाच्या ताटात खीर वाढत होती. "मंग गोलाईत गेले चालत. मंडई उठायली व्हती, पण गावलं सगळं."

"अगं, मग मला बोलायचं ना! दोन शिव्या द्यायच्या!"

"तुमचे पावने यायचे व्हते. आन् मी तुमाला बोलवून बसले व्हते. बोलवलेलं मानूस परत लावाया येतं का?"

गुरम्मा रडायला लागली. मी रडलो नाही. रडलो असतो तर साखराबाईनं मलाच समजावलं असतं, आणि ते मला सोसलं नसतं. पलीकडून मॅडम कॅमेरा घेऊन आल्या. "अरे वा, इथंही येळवस! ही भाजी पण इथलीच का?" त्या वेळी मला बोलता आलं असतं. दहा शब्दांचं काम होतं. मॅडम, मघाशी आपण सगळे जे जेवलो ते हिचं होतं. माझ्या बाजूच्या पंगतीत माझी सगळी ओळखीची माणसं अजून बसलेली होती, नुकताच त्यांनी मला रानवाला म्हटलेलं होतं. मी भज्जीकडं बघत बसलो. उत्तर साखराबाईनंच दिलं, "न्हाई ताई, ही बाजारची हाय." मॅडम हसून पुढं गेल्या. फोटो काढला नाही.

मी घास तोंडात घातला. वाटाणा जून होता, मेथी दोन दिवसांची, तुरीचे दाणे फ्रिजमधले असावेत. समोर साखराबाई बसली होती आणि माझ्या तोंडाकडं बघत होती, येळवशीला रानाचा धनी पाहुण्याच्या तोंडाकडं बघतो तशी. जन्मात पहिल्यांदा ती त्या जागी बसली होती.

"कशी झालीया, अप्पा?"

"चांगली झालीय," मी म्हणालो.

"उगं म्हणायलाव," ती म्हणाली, आणि तिलाच लाज वाटल्यासारखी तिनं मान खाली घातली. "तुमच्याकडची लई चांगली व्हती. ताजी व्हती ना. ही बाजारची हाय, गोड मानून घ्या. फुडल्या साली माज्या रानातली करीन."